पोस्टकार्डाची पट्टी

मला मुळात धीर नाही. आई म्हणायची, "ही पोटात होती तेव्हासुद्धा एका कुशीला टिकली नाही." पायाला भिंगरी आणि नाकाच्या शेंड्यावर राग, एवढाच माझा ऐवज. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. पंचविशी ओलांडलेली, लग्न न झालेली आणि वर मोपेडवरून हिंडणारी मुलगी म्हणजे रत्नागिरीतल्या आमच्या आळीला आयती करमणूक होती. मी फाटकातून गाडी बाहेर काढली की समोरच्या काकूंची खिडकी उघडायची. ऊन असो, पाऊस असो, उघडायचीच.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा भाट्याच्या पुलापलीकडे, गोळपचा चढ चढून वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. सुरुवातीला एस.टी.ने जायचे. मग सकाळच्या गाडीची वेळ बदलली आणि मी पोचेपर्यंत प्रार्थना, हजेरी, पहिला तास, सगळं उरकलेलं असायचं. हेडमास्तर भला माणूस, पण भल्या माणसानेही किती दिवस गप्प बसायचं? एकदा बोलावून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता चांगलं. पण शिकवायला वर्गात असायला हवं ना?" घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. ओळखीतला एक मुलगा लोटे गावातल्या कारखान्यात लागून तिकडेच राहायला गेला होता. त्याला आता कंपनीची बस न्यायला यायची आणि त्याची मोपेड इथे पडवीत गंजत पडली होती. ती मी घेतली.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी अबोला धरला आणि मग अट घातली. आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. जन्मभर अर्जदार आणि सामनेवाले यांच्यात बसल्यामुळे त्यांना घरातही अटीशिवाय बोलता यायचं नाही. भाजी आणायला पाठवताना सुद्धा "ताजी असल्यासच" असं बजावायचे. मला समोर उभं करून म्हणाले, "चालव. पण गाडी रस्त्यात बंद पडून तू खोळंबलीस, असं एकदा जरी माझ्या कानावर आलं, तर त्याच दिवशी गाडी विकायची आणि नोकरीचा नादही सोडायचा. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

नोकरीचा नाद सोडायचा म्हणजे पुढे काय, तेही घरात तयारच होतं. राजापूरचं एक स्थळ आलं होतं. काजूचा धंदा, स्वतःची वखार, मुलगा एकुलता एक. मुलाचे काका दर पंधरवड्याला पोस्टकार्ड टाकायचे. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर नेहमी तोच: सर्व कुशल, मुलगी पसंत आहे, मात्र आमच्याकडे सुनांनी नोकरी करण्याची पद्धत नाही, तरी काय ते कळवावे. आप्पा ती कार्डं खुंटीला लावलेल्या तारेत ओवून ठेवायचे आणि उत्तर काही द्यायचे नाहीत. मला ठाऊक होतं ते कशाची वाट बघतायत. माझी गाडी बंद पडण्याची.

आई यात कुठे होती, ते मला तेव्हा कळत नव्हतं. ती आप्पांना कधी उलट बोलली नाही आणि माझ्या बाजूनेही कधी बोलली नाही. गाडीला ती गाडी म्हणायची नाही. "तुझं ते" म्हणायची. "तुझं ते पुसलंस का? तुझं ते सावलीत लाव, तापतंय." वर्ष झालं तरी तिने गाडीला हातही लावला नव्हता. मला वाटायचं, हिलाही मी राजापूरला गेलेलीच हवी आहे.

आता मोपेडचं दुखणं सांगते. त्या गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं आणि पंपावरचा माणूस ते डोळ्यांच्या अंदाजाने ओतायचा. तोंडाने गप्पा आणि हाताने ऑइल. जास्त झालं की गाडी काळा धूर ओकायची आणि प्लग काजळायचा. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. वर पांढरी चिनी माती, खाली आटे पाडलेलं लोखंड, आणि टोकाला मधोमध एक कांडी व तिच्यावर वाकलेला एक आकडा. कांडी आणि आकडा यांच्यामध्ये जी बारीक फट असते तिच्यात ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीवर गाडी चालते. फट काजळीने बुजली तर ठिणगी नाही. कांडी झिजून फट वाढली तरी ठिणगी नाही. म्हणजे माझी नोकरी, माझा पगार, माझं लग्न होणं की न होणं, हे सगळं त्या फटीत अडकलेलं होतं. हसायचं असेल तर हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

मारुती मंदिराजवळच्या मेकॅनिककडे मी इतक्या फेऱ्या घातल्या, की तो मला लांबून बघूनच काम संपल्यासारखा हात धुऊन टाकायचा. "ताई, परवाच साफ केला ना?" म्हणायचा. शेवटी मी प्लगपाना विकत घेतला आणि म्हटलं, शिकव मला. तो म्हणाला, "तुमचं काम नाय हां ते, हात काळे होतील." मी म्हटलं, "खडूने पांढरे होतात ते चालतात का?" मग शिकवलं बिचाऱ्याने. प्लग कसा खोलायचा, जुन्या टूथब्रशने कसा घासायचा, पॉलिश पेपर किती हलक्या हाताने मारायचा. फट मोजायला त्याच्याकडे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा होता. माझ्याकडे कुठला? तर म्हणाला, पोस्टकार्डाची पट्टी कापा, दुहेरी घडी घाला. घडी घासत घासत सरकली की फट बरोबर. अडली तर कमी, आणि सळकन गेली तर जास्त.

घरात कार्डं होती ती राजापूरची. मी एक काढलं आणि कात्रीने उभी पट्टी कापली. त्यात "मुलगी पसंत आहे" मधलं "पसंत" नेमकं कापलं गेलं, ते मी मुद्दाम केलं नव्हतं. आप्पांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तारेतून कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे काय?"

"फट मोजायला लागते पट्टी."

"आलेल्या पत्राची?"

"उत्तर तर तुम्ही देत नाही. मग निदान काही उपयोग होऊ दे त्यांचा."

आप्पांनी कार्ड परत तारेत ओवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, रागावली.

तेव्हापासून रोज सकाळी माझा तोच उद्योग. चहा पोटात जायच्या आधी प्लग हातात. खोलायचा, घासायचा, पट्टी सरकवायची, परत बसवायचा. मेकॅनिक म्हणायचा, रोज खोललात तर आटे जातील. जाऊ देत! मला चैनच पडायचं नाही. रस्त्यावर माझं लक्ष समोर कमी आणि इंजिनाच्या आवाजात जास्त असायचं. पूल ओलांडला की वाटायचं, चला, पूल झाला. चढ चढला की वाटायचं, चढ झाला. शाळेत पोचल्यावर तरी शांत बसावं ना? छे. फळ्यावर पानाचा छेद काढताना डोक्यात परतीचा उतार. खिडकीतून झाडाखालची गाडी दिसायची, तिच्याकडे बघत बघत मी प्रकाशसंश्लेषण शिकवायचे. पोरं म्हणायची, बाई गाडीलाच शिकवतात.

त्याच दिवसांत एका सकाळी फार वैतागून मी आईवर ओरडले. ती म्हणाली होती, "अगो, चहा निवतोय. त्या टिकलीएवढ्या वस्तूत काय एवढं?" मी काळ्या हाताने प्लग तिच्या नाकासमोर नाचवला. "ह्या टिकलीएवढ्या वस्तूवर माझी नोकरी चालते, आई! ही बिघडली तर मी राजापूरला काजू फोडत बसेन. कळलं?" प्लगाकडे वाकून नीट बघितलं तिने.

गाडीतला प्लग झिजत चालला होता, म्हणून नवरात्राच्या सुमाराला मी एक नवा आणून ठेवला. खोक्यातून काढला सुद्धा नाही. नवा तो नवा, त्याची फट कारखान्यातूनच बरोबर येते. खंडेनवमीला आईने नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. पाटावर विळी, कोयती, अडकित्ता, आप्पांचं पेन. मी बाहेर गाडी धूत होते तेव्हा तिने आतून हाक मारून विचारलं, "तुझ्या त्याचं सामान कुठाय गो?" मी म्हटलं, पिशवीत. संध्याकाळी तिने पिशवी परत दिली. पान्याला गंध, प्लगपान्याला कुंकू, सगळं यथासांग. नव्या प्लगाचं खोकंही होतं त्यात, वर हळदीचं बोट उमटलेलं. मी पिशवी सीटखाली टाकली.

दसरा झाल्यावरच्या रविवारी सकाळी आई नेसून तयार होऊन पडवीत आली आणि आप्पांना म्हणाली, "अहो, मी पावसला स्वामींच्या दर्शनाला जाऊन येते. हिच्याबरोबर."

आप्पांनी पेपर खाली केला. "त्यावरून?"

"एस.टी. भरलेली असते रविवारची."

मी तर हातातलं फडकं टाकून बघतच राहिले. आई! माझ्या मागे! पण विचारायची सोय नव्हती, ती फाटकात जाऊन उभी सुद्धा राहिली. एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझा खांदा असा काही आवळला, की संध्याकाळपर्यंत वळ होता. समोरच्या काकू मात्र त्या दिवशी खिडकीत नव्हत्या. माझं नशीब, म्हटलं.

भाट्याच्या पुलापर्यंत तिचं "अगो हळू, अगो हळू" चाललं होतं. पुलावर वारा लागला आणि ती एकदम गप्प झाली. मला वाटलं घाबरली. मान वळवून बघितलं तर बाई खाडीकडे तोंड करून चक्क हसत होती. पूल संपता संपता माझ्या कानाशी म्हणाली, "आधी तुझी शाळा दाखव. देव कुठे पळून जात नाही."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. नोकरी लागून इतके दिवस झाले, घरातलं कुणी शाळा बघायला आलं नव्हतं. मी जोरात पिळली मूठ. आणि तिथेच ते झालं.

ऐन चढावर, दोघींच्या वजनाखाली, इंजिनाने एक ठोका चुकवला. मग दुसरा. मग ठॉक्, आणि सगळं शांत. गाडी मागे सरकायला लागली. आई उतरली, मी ब्रेक दाबून कशीबशी गाडी कडेला घेतली. प्लग फडक्याने धरून खोलला तर त्याची चिनी माती वरपासून तडकलेली. तो संपला. पण मी घाबरले नाही. म्हटलं, नवा आहे ना! खोक्यातून काढला, वायरच्या टोपीत खोचला, इंजिनावर टेकवला आणि पायडल फिरवलं. उन्हात ठिणगी दिसेना. आईने न सांगता पदर पसरून सावली धरली आणि दिसली, निळी, कडक. "पडली!" आईच ओरडली. प्लग बसवला, गाडी स्टँडवर घेतली, पायडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. काही नाही. पेट्रोल बघितलं, होतं. प्लग परत काढला, ठिणगी होती. परत बसवला, गाडी मुकी. बाहेर ठिणगी पडते आणि आत पडत नाही, हा काय चावटपणा? मी घामाने निथळत होते. ऑक्टोबरचं ऊन, खाली तापलेला कातळ, आणि मी वेड्यासारखी जागच्या जागी पायडल मारतेय. गाडीला लाथ घातली, ती माझ्याच अंगठ्याला लागली. "मेले, चल ना!" मी ओरडले. आणि नेमकी तेव्हा वरून पावसहून येणारी एस.टी. आली.

खिडकीत कोण असावं? समोरच्या काकू. पहाटेच दर्शनाला जाऊन परतत होत्या. गाडी आमच्याजवळून हळू झाली तसं त्यांनी गजातून तोंड बाहेर काढलं. "काय गो, बंद पडली वाटतं?" तोंडावर काळजी आणि डोळ्यांत दिवाळी. एस.टी. खाली वळणावर दिसेनाशी झाली. रत्नागिरीत बातमीला पेट्रोल लागत नाही. आम्ही घरी पोचायच्या आत ती आप्पांच्या कानावर असणार होती.

झालं. संपलं. मी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले आणि मला राजापूर दिसायला लागलं. ती वखार, तो एकुलता एक, ते मोत्यासारखं अक्षर. सोमवारी वर्गात दुसरंच कुणीतरी पानाचा छेद पुसून टाकत असेल.

आई शेजारी येऊन उभी राहिली. "ती पट्टी घालून बघितलीस का गो? रोज घालतेस ती?"

"अगं, नवा आहे प्लग! नव्याला काय बघायचं?"

"नवी आहे म्हणून मुलगी न बघता करतात होय? तुला नाही बघून जात?"

अशा वेळी थट्टा सुचते बाईला! केवळ तिचं तोंड बंद करायला मी प्लग काढला, पाकिटातून पट्टी काढली, दुहेरी घडी घातली आणि फटीत सरकवली. सरकवली कसली, ती सळकन आरपार गेली आणि खाली पडली. मी डोळे बारीक करून बघितलं. आकडा चांगला वर उचललेला होता. फट दुपटीहून जास्त. मोकळ्या हवेत ठिणगी तेवढी उडी मारते, पण इंजिनात हवा दाबलेली असते, तिथे तिला ते जमत नाही. आणि आकड्याच्या कोनात काहीतरी पिवळं अडकलेलं होतं. नखाने काढलं. चुरगळलेली, वाळलेली पाकळी.

"अगोबाई," आई म्हणाली. "ही तर गोंड्याची."

गोंडा म्हणजे आमचं झेंडूचं फूल. मी तिच्याकडे बघितलं.

"खंडेनवमीला मीच खोचला होता," ती म्हणाली. "फुलाला अगदी जागा केल्यासारखा आकडा आहे गो तो. देठ बसेना, म्हणून विळीच्या टोकाने जरासा उचलला."

मी उसळलेच. "आई! अख्ख्या पाटावर तुला दुसरी जागा मिळाली नाही? विळीवर ठेवायचं, पेनावर ठेवायचं, त्या अडकित्त्याच्या डोक्यावर ठेवायचं! ह्यातच कशाला मेलं ते फूल?"

तिने पाकळी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "तूच म्हणालीस ना, ह्या एवढ्याशा वस्तूवर माझी नोकरी चालते म्हणून. मग सगळ्यांत मोठा गोंडा मी तिलाच ठेवला. म्हटलं, बाई, तू नीट चाल, माझ्या मुलीला राजापूरला पाठवू नको."

इतके दिवस मी हिला आप्पांच्या बाजूची समजत होते. मला रडू फुटलं, अगदी भर रस्त्यात, नाक ओढत. आई म्हणाली, "रडतेस काय? ते बंद कर आणि तुझं ते चालू कर."

गडग्याच्या चिऱ्यावर मी आकडा हलकेच ठोकला. पट्टी घातली. अजून सैल. पुन्हा ठोकला, अगदी अंड्याला टिचकी मारावी तसा. आता घडी घासत घासत सरकली. प्लग बसवला, टोपी दाबली, पायडल मारलं, आणि गाडी अशी काही फडफडली की आई दचकून मागे झाली. मी म्हटलं, चल, परत जाऊ, आप्पांना आपणच आधी सांगू.

"माघारी कशाला?" आई म्हणाली. "शाळा दाखव."

रविवारची बंद शाळा. आईने माझ्या वर्गाच्या खिडकीच्या गजांना धरून आत बघितलं. फळ्यावर शनिवारचं माझं अक्षर तसंच होतं, पानाचा छेद आणि बाजूला नावं. "हे तू लिहिलंस?" तिने विचारलं. "आणि खुर्ची कुठली तुझी?" मी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मी मागे उभी राहून बोटं मोडत होते. मला निघायची घाई होती, डोक्यात आप्पा होते. शेवटी ती वळली आणि म्हणाली, "झालं दर्शन." तरी आम्ही पावसला जाऊन आलो. आप्पांशी खोटं बोलायला नको, म्हणून.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरत होते ती मीच. काय सांगायचं, कसं सांगायचं, पायाशी पडायचं की भांडायचं, पुलावर एक ठरवलं आणि पूल संपेपर्यंत मोडलं. फाटकात शिरले तर आप्पा पडवीत खुर्ची बाहेर काढून बसलेले. समोर खिडकी सताड उघडी.

"गोळपच्या चढावर खोळंबला होतात म्हणे," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. तो त्यांचा निकालाचा आवाज होता.

"आप्पा, ऐका, प्लगाची फट..."

"फटीचं नको सांगू. बंद पडली की नाही?"

"पडली, पण..."

"अट काय होती?"

मी तोंड उघडलं, पण आई मला बाजूला सारून पुढे झाली. लुगड्यावर लाल धूळ, केसांचा अवतार, हातात प्रसादाची पुडी. उभ्या जन्मात तिला मी आप्पांच्या समोर अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती.

"अट गाडीला होती," ती म्हणाली. "गाडीने काही केलं नाही. तिच्या सामानात मी फूल खोचलं आणि बिघाड केला. गाडी बंद पडली नाही, मी पाडली. हिने ती तिथल्या तिथे चालू केली, कुणाचा हात लागला नाही. आता विकायचंच असेल, तर मला विका."

आप्पांचा हात खुर्चीवर तसाच राहिला. समोरची खिडकी हळूच लागली, तो आवाज मला अजून आठवतो. आई पुडी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "प्रसाद घ्या," आणि चहा टाकायला आत गेली.

दिवसभर आप्पा पडवीतून हलले नाहीत. मी घरात या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. गाडी अंगणात होती आणि ती अजून माझी आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी प्लग बघायला बाहेर आले तर सीटवर एक कोरं पोस्टकार्ड ठेवलेलं होतं. आप्पा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "पट्ट्या कापायच्या तर त्याच्या काप. आलेली पत्रं कापू नयेत. राजापूरकरांना मी उत्तर लिहिलंय."

मी कार्ड तसंच हातात घेऊन त्यांच्यामागे गेले. "काय लिहिलंत?"

"लिहिलंय, मुलीला सकाळी शाळेत वेळेवर पोचावं लागतं," आप्पा म्हणाले. "आणि तू अजून इथेच उभी आहेस."